अध्यक्षांना सोडा लावला त्याची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, एक सांबर राहत असे. कुठलं जंगल ते विचारू नका. तिथं एसटी जात नाही, आणि गेली असती तरी तुम्हाला कुणी सुट्टी दिली नसती. मांडी घालून बसा. मागच्यांनी पुढच्यांच्या वेण्या ओढू नका. ओढायच्याच असतील तर हळू ओढा, म्हणजे आवाज होत नाही.

तर सांबर. त्याचं नाव दगडूतात्या. वय झालेलं, अंगावरचे केस झडलेले, आणि मांस असं चिवट की सगळ्या जंगलात त्याची ख्याती. तरुणपणी एका बिबट्यानं त्यांच्या मांडीला तोंड घातलं होतं. तो बिबट्या पुढं जन्मभर पेज पिऊन राहिला. तात्या ही हकीकत प्रत्येक सभेत सांगत आणि मांडीवरचा वण दाखवत.

सभा म्हटली की अध्यक्ष तात्याच. ते हुशार होते म्हणून नव्हे. त्यांची शिंगं सोयीची होती म्हणून. एका शिंगाला हार, दुसऱ्याला शाल, मधल्या फाट्याला नारळाची पिशवी. दुसरा कुणी अध्यक्ष केला की हार गळ्यातून घसरायचा आणि श्रोत्यांतली एखादी शेळी तो खाऊन टाकायची. दरवर्षी शिंगं गळून पडत तेवढे दिवस तात्या घरी बसत. नवी फुटली की पुन्हा अध्यक्ष.

अध्यक्षपणाची त्यांची एक पद्धत होती. वक्ता बोलायला उभा राहिला की तात्या झोपत. डोळे उघडे ठेवून झोपत. मान मधूनमधून हलायची. वक्त्याला वाटायचं, वा, किती रस घेतायत! टाळ्या वाजल्या की तात्यांना जाग यायची. मग ते उठून बोलत.

भाषण एकच होतं. ‘आजचा विषय अत्यंत जिव्हाळ्याचा आहे. पण नुसतं ऐकून उपयोग नाही. कृती हवी. आणि कृतीची सुरुवात स्वतःपासून व्हायला हवी. म्हणून मी या ठिकाणी जाहीर करतो, सुरुवात माझ्यापासून!’

हे भाषण झाडं लावायच्या कार्यक्रमाला चालायचं, बारशाला चालायचं. माकडांच्या शेपूट-निगा शिबिरालासुद्धा चाललं होतं. तात्यांची शेपूट ती केवढी, पण टाळ्या पडल्याच.

हसू नका. तुमच्या शाळेत पाहुणे येतात ते काय वेगळं बोलतात?

आता त्या जंगलाचा राजा म्हणजे वाघ. त्याला राजेसाहेब म्हणायचं. राजेसाहेबांचे दात गेले होते. मधाच्या पोळ्यांचा नाद, दुसरं काय! तुम्हीही गोळ्या चोखत झोपता ना? झोपा, झोपा. दात गेलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तसं कुणी म्हणत नसे. म्हणायचं असं, की हल्ली राजेसाहेबांना कोवळं आवडतं.

कोवळं म्हणजे पाडसं.

त्यामुळे हरिणींच्या घरात दिवसभर रडारड. भिवरा नावाची एक हरिणी होती, जिभेनं फार तिखट. तिचं एक पाडस राजेसाहेबांच्या आवडीला गेलं होतं आणि दुसरं ती करवंदीच्या जाळीत लपवून ठेवायची. ती तात्यांना वाटेत अडवून म्हणायची, “तात्या, तुम्ही एवढे मोठे अध्यक्ष. राजेसाहेबांना जरा सांगा की, मोठं जनावर खा म्हणून.”

“सांगेन हो भिवरे, सांगेन. योग्य व्यासपीठ मिळू दे.”

“तुमचं मांस चिवट म्हणून तुम्हाला व्यासपीठं सुचतात!”

तात्या गालात हसायचे. चिवटपणाचं कुणी कौतुक केलं की त्यांना बरं वाटायचं.

थंडी पडली आणि जंगलातल्या तळ्यावर एक हंस उतरला. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला, हिमालय ओलांडून येणारा. उन्हाळ्यात तो चीनमध्ये असायचा, एका खानावळीच्या मागच्या डबक्यात, थेट स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. खानावळीच्या खिडकीखाली राहून जो हंस जिवंत परत येतो, त्याला स्वयंपाकातलं किती कळत असेल, विचार करा.

बापू कोल्ह्यानं त्याला लगेच गाठलं. बापू हा जंगल ज्ञानप्रसारक मंडळाचा चिटणीस. ज्ञानाचं त्याला काही नव्हतं. पण व्याख्यान झालं की अल्पोपाहार होतो, आणि अल्पोपाहाराचं बापूला फार होतं.

तो तात्यांकडे आला. “तात्या, उद्या व्याख्यान ठेवलंय. अध्यक्ष तुम्ही. विषय असा आहे की...”

“विषयाचं सोड. शाल कसली आहे?”

“लोकरी.”

“मग येतो.”

झालं! विषय होता, ‘चिनी पद्धतीनं घरच्या घरी चिवट मांस मऊ कसं करावं’. सगळं जंगल लोटलं. राजेसाहेब पुढच्या रांगेत, शेजारी राणीसाहेब. हंसानं माईकसमोर मान ताणली आणि तात्यांनी डोळे उघडे ठेवून झोप घेतली.

तात्या झोपलेत तोवर आपण ऐकून घेऊ. घरी उपयोगी पडेल. शाकाहारी असाल तर कान झाका.

हंस म्हणाला, “मांस चिवट का लागतं? त्यात धागे असतात म्हणून. म्हणून कापायचं ते धाग्यांना आडवं. मग सुरीच्या पाठीनं ठोकायचं. मग चिमूटभर खाण्याचा सोडा चोळायचा, आपण भज्यांत टाकतो तोच. थोडा वेळ ठेवायचा आणि धुऊन टाकायचा. मग अंड्याचा पांढरा बलक, मक्याचं पीठ, थोडा सोया सॉस, यात मुरवायचं. गरम तेलातून नुसतं काढायचं, आणि मग मोठ्या आचेवर परतायचं. जिभेनं दाबलं तरी तुटतं. चावायला लागतच नाही.”

‘चावायला लागतच नाही’ म्हटल्याबरोबर राजेसाहेब सावरून बसले.

राणीसाहेबांनी हात वर केला. “आमच्या सासूबाई कच्ची पपई लावायच्या. आणि शिजताना सुपारीचं खांड टाकायच्या.”

“पपईनं कधीकधी पार लगदा होतो, राणीसाहेब. सुपारीबद्दल सासूबाईंच्या मागं काय बोलणार? माझ्या पद्धतीनं वरून रेशमासारखं होतं आणि आत रस राहतो.”

“म्हाताऱ्या जनावराचं होतं का?”

“कसलंही आणा! जितकं म्हातारं तितकी मजा. एकदा ही विद्या आली की कोवळ्याकडे बघावंसं वाटणार नाही.”

भिवरा ताडकन उभी राहिली आणि तिनं टाळी वाजवली. मग सगळ्या हरिणींनी वाजवल्या. मग सगळ्या जंगलानं.

टाळ्यांनी तात्यांना जाग आली.

ते उठले. शिंगांवरचा हार सारखा केला. म्हणाले, “आजचा विषय अत्यंत जिव्हाळ्याचा आहे. पण नुसतं ऐकून उपयोग नाही. कृती हवी. आणि कृतीची सुरुवात स्वतःपासून व्हायला हवी. म्हणून मी या ठिकाणी जाहीर करतो, सुरुवात माझ्यापासून!”

सगळ्यांनी एकदा हंसाकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे. मग जो कडकडाट झाला, तसा त्या जंगलात आकाशातल्या ढगांनीसुद्धा कधी केला नव्हता. भिवरा रडत व्यासपीठावर आली आणि तिनं तात्यांच्या खुरांवर डोकं ठेवलं. “तात्या, मी तुम्हाला काय काय बोलले! माफ करा हो.”

“असू दे भिवरे, असू दे,” तात्या म्हणाले. मनात म्हणाले, आज आवाज चांगला लागला होता.

बापू पुढं झाला. “तात्या, प्रात्यक्षिक कधी ठेवू?”

प्रात्यक्षिक कसलं ते विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर झोपलो होतो हे कळलं असतं. “उद्याच!” तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तात्यांना वाजतगाजत आणलं. तळ्याकाठी मोठा सपाट खडक होता, त्यावर आडवं केलं. माकडं लाकडी दांडकी घेऊन आली आणि तात्यांचे खांदे, पाठ, मांड्या ठोकू लागली. ठोक ठोक ठोक.

“अहाहा!” तात्या म्हणाले. “जरा डावीकडे. तिथं माझा सांधा धरतो.”

मग अस्वल आलं. हंसानं लांब दांड्याच्या चमच्यातून तात्यांच्या अंगावर पांढरी पूड टाकली. स्वतःच्या पिसाला कण लागू दिला नाही, जाणकार होता. अस्वलानं ती पूड तात्यांच्या अंगात चोळ चोळ चोळली. तात्यांना वाटलं, उटणं. इतक्या सभा केल्या, पण असा सत्कार कधी झाला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

राणीसाहेबांनी विचारलं, “आधी कापायला नको का हो? तुम्हीच म्हणाला होतात.”

हंसानं राजेसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. “रीतीप्रमाणे आधी कापतात. पण एवढी जुनी कातडी कापायलाही दात... म्हणजे धार लागते. म्हणून आधी मऊ करू. मग पळीनंसुद्धा कापता येईल.”

तात्यांचा एक कान उभा राहिला.

त्यांनी हळूच भिवरेला जवळ बोलावलं. “भिवरे, उटणं झालं. आता पुढं काय, आंघोळ?”

“हो तात्या. आंघोळ, मग अंड्याचा लेप, मग कढई.”

“कढईत काय आहे?”

“अजून काहीच नाही, तात्या,” भिवरा म्हणाली आणि पदर नसल्यामुळे पानानं डोळे पुसू लागली. “तुम्हीच जाणार ना आता. केवढं मन तुमचं! आमच्या पाडसांसाठी स्वतःला दिलंत. कढईभोवती आम्ही रांगोळी काढलीय.”

तात्यांनी मान वळवली. खरंच रांगोळी होती. मध्ये कढई होती. त्यात तेल होतं. तेलातून धूर येत होता.

आता मुलांनो, तुम्ही असता तर काय केलं असतं? उठून पळाला असता. पण तुम्ही अध्यक्ष नाही. तात्यांपुढं दोनच वाटा होत्या. एक तर सगळ्यांसमोर सांगायचं, की काल मला झोप लागली होती, विषय काय होता ते मला माहीतच नाही. नाही तर कढईत जायचं.

तात्यांनी विचार केला. कढई बरी वाटली.

तरी पण धुराकडे पुन्हा एकदा बघून घेतलं. इतक्यात हंस माईकवर आला. आणि तात्यांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकलं.

हंस सांगत होता, “लक्ष द्या. सोड्याचं काम फार नाजूक. जांभळाची सावली त्या वारुळाला टेकली की सोडा धुवायचा. त्याच्या आत धुतला तर मांस कच्चं. आणि राहून गेला तर माल फुकट! मग कितीही धुवा, साबण चावल्यासारखं लागतं.”

तात्यांनी जांभळाच्या सावलीकडे पाहिलं. वारूळ जवळ आलं होतं. त्यांनी माईककडे पाहिलं. माईक मोकळा होता.

ते खडकावर उठून बसले. “चिटणीस!”

बापू धावला. “काय तात्या?”

“समारोप केव्हा आहे?”

“शेवटी. नेहमीसारखा.”

“आणि शेवटी मी कुठं असणार?”

बापूनं कढईकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, आणि डोकं खाजवलं. अध्यक्षांच्या समारोपाशिवाय त्या जंगलात कुठलाच कार्यक्रम संपला नव्हता. समारोपाशिवाय अल्पोपाहारही सुटत नसे. “मग आधी करा,” तो म्हणाला. “पण थोडक्यात, तात्या.”

“दोनच शब्द,” तात्या म्हणाले.

मुलांनो, जो माणूस ‘दोनच शब्द’ म्हणतो, त्याच्या सभेला जाताना डबा न्यावा.

तात्या बोलू लागले. “माझा जन्म एका साध्या कळपात झाला...”

तिकडे हंसाची धांदल उडाली. अंड्याचा बलक, मक्याचं पीठ आणि सोया सॉस मोठ्या घंगाळात कालवून ठेवलं होतं. आता मक्याच्या पिठाची खोड अशी, की ढवळणं थांबलं की ते तळाशी बसतं आणि दगड होतं. घंगाळ मोठं, पळी लहान. शेवटी हंस स्वतःच घंगाळात उतरला आणि पोहत पोहत ढवळू लागला. एकाच दिशेनं ढवळायचं, असा चिनी नियम. गोल गोल गोल.

तात्या बालपणात होते. सावली वारुळाला टेकली.

“वेळ झाली!” हंस घंगाळातून ओरडला.

बापूनं पळसाच्या पानावर ‘वेळ संपली’ असं लिहून पान पुढं सरकवलं. तात्यांनी ते वाचलं, खुराखाली ठेवलं आणि म्हणाले, “आयोजकांचा आग्रह आहे, की मी थोडं विस्तारानं बोलावं.”

आणि ते बिबट्याच्या हकीकतीवर आले.

बापूनं दुसरं पान दिलं. तात्यांनी त्याचेही आभार मानले. बापूनं शाल ओढली. तात्या म्हणाले, “चिटणीस मला थांबवतायत. पण तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतंय, की तुम्हाला ऐकायचंय!” चेहरे? अर्धे झोपले होते. राजेसाहेब तर तोंड उघडं टाकून घोरत होते, आणि आत काय आहे, म्हणजे काय नाही, ते दिसू नये म्हणून सगळे दुसरीकडे बघत होते. राणीसाहेबांची शेपूट जमिनीवर आपटत होती. पण अध्यक्षांना मध्येच थांबवायचं नाही, हा त्या जंगलाचा नियम. वाघाला सगळं करता येतं, पण सभेत बसला की वाघही श्रोताच.

हंस गोल गोल पोहत होता. मानेपर्यंत बुडाला होता.

सावली वारूळ ओलांडून गेली. निवडुंगापर्यंत गेली. पार तळ्यात जाऊन बुडाली, तेव्हा तात्या म्हणाले, “एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.”

राजेसाहेब टाळ्यांनी जागे झाले. भूक अशी लागली होती की ते थेट खडकावर आले आणि त्यांनी तात्यांच्या पाठीवरून लांबलचक जीभ फिरवली.

“थू!” राजेसाहेब ओरडले. “साबण!”

त्यांच्या तोंडातून फेस आला. फेसातून फुगे निघाले. एक फुगा त्यांच्या नाकावर बसला. लहान माकडं तो फोडायला धावली, त्यांना त्यांच्या आयांनी मागं ओढलं.

“माल फुकट गेला!” हंस घंगाळाच्या काठावर चढत किंचाळला. “मी सांगितलं होतं! सोडा जास्त मुरला. आता याचं काही होत नाही.”

तात्यांनी फार वाईट वाटल्याचा चेहरा केला. “माझी तर तयारी होती,” ते म्हणाले. “पण वेळेचं नियोजन चुकलं. चिटणिसांनी लक्ष द्यायला हवं होतं.”

भिवरेला काहीतरी कळलं. ती तात्यांकडे अशी बघायला लागली, की तात्यांनी शाल ओढून घेतली.

राजेसाहेब गुरगुरले, “मग मी जेवू काय? तेल तापलंय, रांगोळी काढलीय, आणि मी काय फुगे खाऊ? आणा एखादं पाडस!”

भिवरेची नजर इकडेतिकडे धावली आणि घंगाळाच्या काठावर थांबली.

“राणीसाहेब,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “पाहुण्यांकडे बघा जरा.”

राणीसाहेबांनी पाहिलं. हंसाच्या अंगावर, मानेपासून पंजांपर्यंत, अंड्याचा पांढरा बलक, मक्याचं पीठ आणि सोया सॉस. सोड्याचा मात्र कणही नाही.

राणीसाहेब त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या. “अहो पाहुणे,” त्या म्हणाल्या, “तुम्ही अगदी रीतसर मुरलात की!”

हंस हसला, पण मोकळेपणानं नाही. “राणीसाहेब, माझं मांस? छे छे! हिमालय ओलांडून आलेलं मांस ते. माझ्याइतकं चिवट तुम्हाला मिळायचं नाही.”

“कालच कुणीतरी म्हणालं होतं,” राणीसाहेब म्हणाल्या, “कसलंही आणा. जितकं चिवट तितकी मजा.”

“म्हातारं म्हणालो होतो मी, म्हातारं!”

“तुमचं वय काय?”

हंसानं वय सांगितलं नाही. त्यानं पंख उघडायला पाहिले. पण मक्याचं पीठ वाळलं होतं, आणि पंख खळ घातलेल्या धोतरासारखे कडक झाले होते.

पुढचं सांगत नाही. तुम्हाला रात्री झोप यायची नाही, आणि मग तुमच्या आया माझ्या नावानं बोटं मोडतील. एवढं सांगतो, की कढई निघाल्यावर राजेसाहेबांनी पहिला तुकडा जिभेनं दाबला, डोळे मिटले आणि म्हणाले, “खरं बोलत होता बिचारा. चावायला लागतच नाही.”

बापूला पंजे मिळाले. त्यानं ते अल्पोपाहार म्हणून खाल्ले.

पाहुणा तो पाहुणा. त्याच्यासाठी शोकसभा घ्यायलाच हवी होती. बापूनं ती घेतली. अध्यक्षस्थानी कोण, ते सांगायला नको. तात्यांच्या अंगाला अजून साबणाचा वास येत होता आणि दव पडलं की ते फेसाळत होते, पण शिंगांवर हार ताजा होता.

राणीसाहेब बोलायला उभ्या राहिल्या. तात्या डोळे उघडे ठेवून झोपले.

राणीसाहेब म्हणाल्या, “हंस गेला, पण त्याची विद्या माझ्यापाशी राहिली. मला आता सगळं येतं. सोडा केव्हा धुवायचा तेही येतं, आणि जास्त मुरला तर लिंबू चोळून कसा उतरवायचा, ते सासूबाईंनी शिकवलंय. या जंगलात यापुढं एकही पाडस मारलं जाणार नाही. यापुढं घरात शिजेल ते म्हातारंच. हंसाचं अपुरं राहिलेलं काम आपण पुरं करू!”

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठी भिवरेची.

तात्यांना जाग आली. ते उठले. हार सारखा केला. म्हणाले, “आजचा विषय अत्यंत जिव्हाळ्याचा आहे. पण नुसतं ऐकून उपयोग नाही. कृती हवी. म्हणून मी या ठिकाणी जाहीर करतो...”

“सुरुवात कुणापासून, तात्या?” भिवरेनं मागून विचारलं.

“माझ्यापासून!”

बापू सोडा आणायला उठला. आणि या वेळी भिवरेनं जाता जाता माईक उचलला, आणि थेट नेऊन तळ्यात टाकला.

तात्पर्य: मुलांनो, सभेत कधीही कान देऊन ऐकू नका, त्यानं जीव वाचतो, पण एकदाच, आणि मग पुन्हा झोपायची चोरी होते. उपयोगाचं तर कुणाला काही सांगूच नका. सांगणारा आधी शिजतो, आणि त्याच्या शोकसभेची शाल झोपणाऱ्याला मिळते.